वाचकांचे प्रश्न : ट्रिक्स शिकण्यासाठी वेकसर्फ बोर्ड कोणता घ्यावा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये वेकसर्फिंगविषयीची पत्रे बरीच होती. बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर दोर धरून उभे राहायचे, लाटेचा जोर मिळू लागला की दोर बोटीत टाकून द्यायचा आणि पुढे केवळ लाटेच्या आधाराने चालायचे, एवढे जमू लागलेल्या वाचकांपुढे आता पुढच्या बोर्डाचा प्रश्न उभा आहे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दोर सोडून लाटेवर स्थिर राहणे मला आता जमते आणि मागे पडू लागलो तर पायांनी बोर्ड दाबत पुन्हा पुढेही येता येते. सध्या मी मित्राचा पाच फुटांहून लांब, जाडजूड आणि तीन मोठ्या फिन, म्हणजे तळाशी मागच्या बाजूला बसवलेले पर, असलेला बोर्ड वापरतो. माझे वजन ७२ किलो आहे. मला आधी पाण्यावरच बोर्डासकट पूर्ण गिरकी, म्हणजे थ्री-सिक्स्टी, आणि त्यानंतर शव्हिट, म्हणजे पायांखाली नुसता बोर्ड अर्धा फिरवणे, शिकायचे आहे. दुकानदार स्किम बोर्ड घ्या असे सांगतात, तर मित्राच्या मते सर्फ पद्धतीचाच आखूड बोर्ड घ्यावा, नाहीतर पुढे हवेतल्या ट्रिक्स येणार नाहीत. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या ट्रिक्स मनात धरून बोलत आहेत. वेकसर्फिंगमधली कोणतीही ट्रिक घेतली, तरी बोर्डाने पाण्यावरची पकड कुठे सोडायची आणि कुठे धरून ठेवायची, हाच तिचा गाभा असतो. गिरकी आणि शव्हिट यांत शेपटीकडच्या भागाने पाणी सहज सोडावे लागते, तर लाटेच्या माथ्यावरून हवेत जाताना तोच भाग शेवटच्या क्षणापर्यंत पाण्याला घट्ट धरून असावा लागतो. म्हणून बोर्डाची लांबी ठरवण्याआधी पहिली ट्रिक कोणती शिकायची, हे ठरवावे. आपण ते ठरवलेलेच आहे, त्यामुळे आपले उत्तर बरेचसे सोपे झाले आहे.

सर्फ पद्धतीचा बोर्ड साधारण दीड ते दोन इंच जाड असतो, त्याचे पुढचे टोक निमुळते असते आणि त्याला दोन, तीन किंवा चार मोठ्या फिन असतात. पायाने दाब दिला की तो फिनच्या आधाराने पुढे झेपावतो, वळणात ठाम राहतो आणि लाटेच्या पायथ्याशी घेतलेला वेग माथ्यापर्यंत टिकवतो. हवेतल्या ट्रिक्ससाठी आपले मित्र त्याची बाजू घेतात ते याचमुळे. स्किम बोर्ड पातळ असतो, त्याची जाडी अनेकदा इंचभर किंवा त्याहूनही कमी असते, टोक रुंद व गोलसर असते आणि मागे बहुधा एखादीच लहान फिन असते. तो पाण्यावर सैल चालतो, सहज घसरतो आणि उलटा फिरला तरी फारसा बिथरत नाही. स्पर्धांमध्येही सर्फ आणि स्किम असे दोन वेगळे गट ठेवले जातात, यावरून या दोन घराण्यांतले अंतर लक्षात यावे.

आता आपली गिरकी जवळून पाहू. लाटेवर उंचावर, बोटीच्या बऱ्यापैकी जवळ असताना वळणाला सुरुवात करावी लागते, कारण बोर्ड आडवा होताच वेग मोडतो आणि आपण मागे सरकू लागतो. वळण सुरू झाले की वजन पुढच्या पायावर घ्यायचे, म्हणजे शेपूट हलकी होऊन फिन पाण्यातून बरीचशी वर येतात आणि मागचा भाग घसरत फिरतो. आपल्या सध्याच्या बोर्डावर नेमकी इथेच अडचण होत असणार. बोर्ड पाव गिरकी फिरून लाटेला आडवा झाला, की मोठ्या फिन आडव्या प्रवाहाला अडकतात, बोर्ड जागीच थांबतो आणि अंग मात्र पुढे जाते. अर्धी गिरकी झाल्यावर फिन पुढे आणि टोक मागे अशी स्थिती येते. फिन पुढे असलेला बोर्ड मुळातच अस्थिर असतो आणि संधी मिळताच स्वतःहून सरळ व्हायला पाहतो. फिन लहान असतील, तर हा ओढा सौम्य असतो, शिकणाऱ्याला क्षणभर थांबून तोल सावरता येतो आणि मग उरलेली अर्धी गिरकी पूर्ण करताना तोच ओढा उपयोगी पडतो. फिन मोठ्या असतील, तर तो ओढा झटक्यासारखा येतो आणि बोर्ड मनात नसलेल्या दिशेने उलटतो.

शव्हिटमध्ये आपण दिशा बदलत नाही, पायांखालचा बोर्ड तेवढा अर्धा फिरतो. मागच्या पायाने शेपूट ओढायची, पुढचा पाय हलका करायचा आणि बोर्ड फिरून आला की पुन्हा त्यावर उतरायचे, असा तो प्रकार आहे. इथे बोर्डाचे वजन आणि लांबी दोन्ही महत्त्वाची ठरतात, त्यातही लांबी अधिक. टोकाकडचे वजन मध्यापासून जितके दूर, तितका ते फिरवायला जोर जास्त लागतो आणि हा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे काही इंच आखूड असलेला बोर्ड पायाला अपेक्षेपेक्षा बराच हलका लागतो. शिवाय उतरल्यावर फिन पुढे असलेल्या अवस्थेत काही अंतर जावे लागते. दोन्ही टोके जवळपास सारखी रुंद आणि किंचित वर वळलेली असली, तर हा प्रवास निभावतो. निमुळत्या टोकाच्या सर्फ बोर्डावर हे अशक्य नाही, पण शिकताना उगाच कठीण जाते.

म्हणून आपल्या दोन्ही ट्रिक्सचा विचार करता दुकानदारांचा सल्ला उजवा आहे, पण त्यात एक दुरुस्ती मी सुचवेन. दुकानातला सर्वांत पातळ आणि सर्वांत आखूड स्किम बोर्ड घेऊ नये. शिकणारा मनुष्य लाटेतून सारखा मागे पडत असतो. बोर्डाला पुरेशी जाडी आणि रुंदी असेल, तर लाटेचा जोर संपत आला तरी तो काही क्षण तरंगत पुढे सरकतो आणि दाब देऊन परत लाटेत येता येते. पातळ बोर्ड त्याच जागी बुडतो, मग पुन्हा बोट वळवा, दोर द्या, उभे राहा. दिवसभरात गिरकीचा सराव किती वेळा होतो, हे यावर अवलंबून असते. ट्रिक सरावानेच येणार असल्याने जो बोर्ड अधिक वेळा सराव करू देतो, तो आपल्यासाठी चांगला, मग कसलेल्या खेळाडूंनी त्याला नाक मुरडले तरी चालेल.

मापाच्या बाबतीत उत्पादकाचा वजनाचा तक्ता पाहावा. प्रत्येकाचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एका कंपनीच्या तक्त्यातली लांबी दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला लावू नये. ७२ किलो हे वजन ज्या मापाच्या मर्यादेत मधोमध बसते, ते माप घ्यावे. वजन दोन मापांच्या सीमेवर येत असेल, तर आपल्या बोटीची लाट पाहून ठरवावे. लाट लहान, उतरती आणि कमी जोराची असेल तर मोठे माप, उंच आणि लांब असेल तर लहान माप घ्यावे. ट्रिक्ससाठीचे बोर्ड बहुतेक ४ ते ५ फुटांच्या दरम्यान असतात, त्यामुळे आताच्या बोर्डाच्या तुलनेत कोणताही बोर्ड आपल्याला आखूडच वाटेल.

तळाचा बाक आणि कडा यांकडे मात्र दुकानात कोणी फारसे लक्ष वेधत नाही. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने पाहावे. जवळपास सपाट असलेला बोर्ड वेगवान असतो, पण टोक पाण्यात रुतण्याची भीती अधिक. पुढे-मागे बऱ्यापैकी वर उचललेला बोर्ड थोडा मंद असतो, पण मध्यावर सहज फिरतो आणि उतरताना चूक पोटात घालतो. गिरकी शिकणाऱ्याने दुसऱ्याकडे झुकावे. कडेवरून हाताचे बोट फिरवून पाहावे. टोकापासून शेपटीपर्यंत धारदार कड असलेला बोर्ड आडवा होताच पाण्यात चावतो, म्हणून निदान मधल्या आणि पुढच्या भागात कड गोलसर असलेली बरी.

राहिला मित्राचा आक्षेप. मागच्या फिनच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन फिन बसवण्याची सोय असलेले, मधल्या जाडीचे बोर्ड मिळतात. एका लहान फिनवर ते स्किमसारखे वागतात आणि बाजूच्या फिन लावल्या की सर्फच्या बरेच जवळ जातात. आपण असा बोर्ड पाहावा. हवेतली उडी शिकण्याची वेळ येईल, तेव्हा सर्फ पद्धतीचा वेगळा बोर्ड लागेल हे खरे, पण त्यासाठी आजच्या गिरक्या अडवून धरण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : नवा बोर्ड घेणे मला तूर्त शक्य नाही. जुन्या तीन फिनच्या बोर्डाच्या फिन काढून टाकल्या, तर त्यावर गिरकी शिकता येईल का? त्याने बोर्ड खराब तर होणार नाही ना?

उत्तर : शिकता येईल, आणि खरे तर नवा बोर्ड घेण्याआधी प्रत्येकाने हा प्रयोग करावा, असे माझे मत आहे. फिन काढल्याने बोर्डाचे काही बिघडत नाही. रिकाम्या खाचांमुळे पाण्याला थोडा अडथळा होतो, पण शिकणाऱ्याला तो जाणवतही नाही.

सगळ्या फिन एकदम काढू नयेत. आधी मधली फिन काढून बाजूच्या दोन ठेवाव्यात. बोर्ड लगेच सैल होईल, तरीही दाब दिला की पुढे जाईल. त्यावर हात बसला की उलट करावे, म्हणजे बाजूच्या दोन्ही काढून मधल्या खाचेत एकच लहान फिन लावावी. सर्फ बोर्डाच्या फिन साधारण तीन इंच किंवा त्याहून खोल असतात, स्किमच्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. आपल्या खाचेत बसणारी लहान फिन मिळाली, तर जुना बोर्डही गिरकी घेऊ लागतो. शेवटी तीही काढून पाहायला हरकत नाही, मात्र तेव्हा वळताना सारा भार कडेवर ठेवावा लागेल आणि आरंभी बोर्ड पायाखालून निसटत राहील. एका वेळी एकच बदल करावा आणि तो पुरेसा वेळ ठेवावा, नाहीतर काय कशामुळे झाले, हे कळत नाही.

फिन परत लावताना एक गोष्ट नीट पाहावी. बाजूच्या बहुतेक फिन एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर असतात, सपाट बाजू बोर्डाच्या मध्याकडे यायला हवी. मधली फिन दोन्हीकडून सारखी असते. डावी-उजवी बदलली, तर बोर्ड चालतो खरा, पण विचित्र ओढतो आणि आपण दोष स्वतःच्या पायांना देत बसतो. एफसीएस आणि फ्युचर्स या फिन बसवण्याच्या दोन प्रचलित पद्धतींच्या स्क्रूंना ३/३२ इंचाची, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटरची षट्कोनी चावी लागते. ती बोटीतच ठेवावी. स्क्रू हाताला घट्ट लागला की थांबावे, कारण आणखी जोर लावला तर खाचेलाच तडा जातो आणि ती दुरुस्ती फिनपेक्षा कितीतरी महाग पडते.

प्रश्न : वापरलेला बोर्ड विकत घेण्याचा विचार आहे. हाताने घडवलेला हलका बोर्ड बरा की साच्यात दाबून केलेला जड बोर्ड? विकत घेताना काय तपासावे?

उत्तर : ट्रिक्स शिकणाऱ्याचा बोर्ड पडतो, आपटतो, बोटीच्या कठड्याला घासतो आणि कधीकधी मालकाच्या गुडघ्यालाही लागतो. साच्यात दाबून केलेला बोर्ड हे सगळे सोसतो. तो जड असतो, त्यामुळे शव्हिटमध्ये पायाला जाणवतो, पण गिरकीला तो वजनाने फारसा आडवा येत नाही. हाताने घडवलेल्या बोर्डात फोमचा गाभा आणि त्यावर काचतंतू किंवा कार्बनचे आवरण असते. तो हलका, चपळ आणि नाजूक असतो. पहिला ट्रिक बोर्ड वापरलेला घ्यायचा असेल, तर मी साच्यातल्याकडे झुकेन. हलका बोर्ड चांगल्या अवस्थेत मिळत असेल, तरच अपवाद करावा.

तपासणी उन्हात, बोर्ड पूर्ण कोरडा असताना करावी. टाचेखालच्या जागी उथळ खळगे दिसतील, तेवढ्यावरून घाबरू नये. मात्र दोन्ही अंगठ्यांनी वरचा पृष्ठभाग इंचाइंचाने दाबत जावे. कुठे तो आत दबून परत वर येत असेल, तर आवरण गाभ्यापासून सुटले आहे. तापलेल्या गाडीत बंद राहिलेल्या बोर्डांवर असे फुगे हमखास आढळतात. मग बोर्ड उलटा करून फिनच्या खाचांभोवती केसासारख्या बारीक चिरा आहेत का, हे पाहावे. पाणी बहुधा तिथूनच आत शिरते. गाभा पॉलिस्टायरीनचा असेल, तर तो चिरेतून पाणी ओढून घेतो आणि बोर्ड त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड लागतो. फिनच्या बाजूने उभा धरून ठेवला आणि चिरेपाशी ओल दिसली, तर सौदा तिथेच सोडावा. अनेक स्किम बोर्डांचा गाभा पीव्हीसी फोमचा असतो, त्याला ही खोड फारशी नसते.

जुनी दुरुस्ती दिसली, तर ती कशाने केली आहे, हे विचारावे. पॉलिस्टायरीनच्या गाभ्यावर इपॉक्सी रेझिनच लावावे लागते. पॉलिस्टर रेझिन लावले, तर ते फोम विरघळवते आणि वरून सुबक दिसणाऱ्या ठिगळाखाली पोकळी तयार होते. विक्रेत्याला याचे उत्तर देता आले नाही, तर ते ठिगळ अंगठ्याने दोनदा दाबून पाहावे.

आणखी एक, आपण डावा पाय पुढे ठेवता की उजवा, हे विक्रेत्याला सांगावे. सामान्यतः डावा पाय पुढे असणारा बोटीच्या डाव्या बाजूच्या लाटेवर आणि उजवा पाय पुढे असणारा उजव्या बाजूच्या लाटेवर चालतो, म्हणजे दोघांचेही तोंड लाटेकडे राहते. लाटेत नेहमी एकच कड जात असल्याने काही बोर्ड मुद्दाम असमान घडवलेले असतात, त्यांची एक बाजू दुसऱ्यासारखी नसते. विरुद्ध पायाच्या माणसाचा असा बोर्ड कितीही स्वस्त मिळाला, तरी तो आपल्या कामाचा नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचे वय बारा आणि वजन ३६ किलो आहे. ती घरातल्या मोठ्या बोर्डावर छान चालते, पण गिरकी घेताना बोर्ड फिरतच नाही. वाढते वय लक्षात घेऊन थोडा मोठा ट्रिक बोर्ड घ्यावा का?

उत्तर : कपड्यांना लावतो तो वाढत्या अंगाचा हिशेब इथे लावू नये. तिच्या वजनाखाली मोठा बोर्ड पाण्यावर इतका वर तरंगतो, की कड दाबायला आणि शेपूट सोडवायला तिचा जोर पुरत नाही. तिचे वजन ज्या मापाच्या मर्यादेत आज येते, तेच माप घ्यावे, फार तर ती मर्यादा पुढे बरीच वाढलेली असेल असे पाहावे. एक लहान फिन, गोलसर कड आणि वर पाय घसरू न देणारे पूर्ण पॅड असलेला बोर्ड तिला पुरेल. पॅड पूर्ण असले की मेण लावावे लागत नाही, आणि मागच्या टोकाशी उंचवटा असला की पाय कुठे आहे, हे तिला खाली न पाहता कळते. घरातल्या मोठ्या बोर्डाच्या फिन आजच कमी करून पाहाव्यात, कदाचित तिची गिरकी त्यावरच सुटेल.

प्रश्न : आमच्याकडे मागे आउटबोर्ड इंजिन असलेली बोट आहे. तिच्यामागे हलक्या स्किम बोर्डावर सराव केला तर चालेल का? बोर्ड दूर जाऊ नये म्हणून पायाला दोरी बांधावी का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. आउटबोर्ड बोटीत पंखा बोटीच्या मागे, उघड्यावर असतो आणि वेकसर्फिंग करणारा त्याच्यापासून काही फुटांवर असतो. ट्रिक शिकणारा तर वारंवार आणि अनपेक्षित दिशेला पडतो. ज्या बोटींचा पंखा तळाखाली, मागच्या कडेच्या बराच आत असतो, त्यांच्याच मागे हा खेळ खेळावा. बोर्ड हलका किंवा लहान घेतल्याने हा धोका कणभरही कमी होत नाही.

पायाला बांधलेली दोरी समुद्रातल्या सर्फिंगमध्ये उपयोगी पडते. इथे ती बोर्डाला पडणाऱ्याच्या अंगावर परत खेचते, आणि बोटीजवळ काही गुंतण्याजोगे पायात असणे केव्हाही वाईट. बोट ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या आसपासच चालत असते, सुटलेला बोर्ड आपल्या जवळच तरंगत राहतो. अंगात नीट बसणारे लाइफ जॅकेट मात्र हवेच, आणि चालकाखेरीज आणखी एकाने सतत मागे लक्ष ठेवावे. इंजिन सुरू असताना मागच्या फळीवर कोणी बसू किंवा रेंगाळू नये, कारण तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. योग्य बोट असलेल्या एखाद्या क्लबात किंवा प्रशिक्षकाकडे वेळ घ्यावा. तिथे बहुधा वेगवेगळे बोर्ड वापरून पाहायलाही मिळतात, त्यामुळे खरेदीचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.